हेलिओस, कनूभाई आणि आजीचा फोटो

आमच्या विंगमध्ये माझ्या कॅमेऱ्याला 'रशियन तोफ' म्हणतात. बॉडी कॅनन १३००डी, म्हणजे २०१६ सालचं मॉडेल, एका सीनिअरकडून घेतलेली. पास आउट होताना त्यानं लेन्स स्वतःकडे ठेवली आणि नुसती बॉडी मला दिली, म्हणून ती माझ्या खिशाला परवडली. पण लेन्सशिवाय कॅमेरा म्हणजे मेसमध्ये ताट हातात घेऊन उभं राहावं आणि पोळ्या संपलेल्या असाव्यात, तशातला प्रकार. नव्या लेन्सच्या किमती बघितल्या आणि निमूटपणे लॅपटॉप बंद केला.

मग एक दिवस हिंगणघाटच्या मित्राबरोबर त्याच्या घरी गेलो होतो. त्याच्या नात्यातल्या एका काकांचा पूर्वी फोटो स्टुडिओ होता. आता त्या जागेत मोबाइल रिचार्ज आणि झेरॉक्स चालतं. मागच्या खोलीत, जिथं डार्करूम होती, तिथं आता धान्याची पोती आहेत. काकांनी एका लोखंडी कपाटातून कातडी कव्हरमधला झेनिट कॅमेरा काढून दाखवला. हातात घेतला तर वीट! पुढे लेन्स: हेलिओस ४४-२, ५८ मिलिमीटर, एफ/२. त्यावर 'मेड इन यूएसएसआर' कोरलेलं आणि नंबराची सुरुवात ७८ ने. या कारखान्याच्या लेन्सवर पहिले दोन आकडे बहुधा सालाचे असतात, म्हणजे १९७८. जो देश १९९१ साली बंद पडला त्याची लेन्स हिंगणघाटच्या कपाटात ठणठणीत होती.

"कितीले देता काका?" मित्रानं विचारलं.

"दे आठशे. कॅमेराई ने. शटर अटकते त्याचं, पण भिंग चांगलं हाय."

असा सौदा झाला. बाकीचं शिक्षण फुकट मिळालं, त्याबद्दल पुढे सांगतो.

आता मेकॅनिकलवाल्यांसाठी थोडा हिशेब. (इतरांनी एक परिच्छेद सोडला तरी चालेल, नापास करणार नाही.) प्रत्येक कंपनीच्या कॅमेऱ्यात लेन्स जिथं बसते ती कडी आणि आतली फिल्म किंवा सेन्सर यांच्यात ठरावीक अंतर असतं. झेनिटसारख्या एम-४२ आट्याच्या कॅमेऱ्यात ते ४५.४६ मिलिमीटर आहे. कॅननच्या डीएसएलआरमध्ये ४४. दोघांत फरक १.४६ मिलिमीटरचा, म्हणजे तेवढ्या जाडीची एक धातूची चकती मध्ये टाकली की लेन्सला वाटतं आपण आपल्याच घरी आहोत. ही चकती, म्हणजे अॅडॅप्टर, दोनेकशे रुपयांत मिळते. आत काच नाही, वायर नाही, काही नाही, नुसते आटे. माझ्या रूम पार्टनरकडे निकॉन आहे. त्यानंही उत्साहानं चकती मागवली, पण निकॉनचं अंतर आधीच ४६.५. लेन्स सेन्सरपासून गरजेपेक्षा लांब बसते, त्यामुळे दोन-तीन मीटरच्या पुढचं जग त्याच्यासाठी धूसर. तो आता मुंग्यांचे फोटो काढतो आणि ते चांगले येतात. आमच्या चकतीची जाडी आम्ही वर्कशॉपमधल्या व्हर्निअरनं मोजली. प्रॅक्टिकलच्या बाहेर व्हर्निअर कामाला आलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

लेन्स बसवली की कॅमेऱ्याला तिचा पत्ताच लागत नाही. अॅपर्चरच्या जागी शून्य-शून्य दाखवतो. फोटोच्या माहितीत लेन्सचं नाव येत नाही, एफ किती तेही येत नाही. म्हणून जुन्या प्रॅक्टिकल जर्नलच्या उरलेल्या पानांवर मी लिहून ठेवतो: तारीख, जागा, एफ, शटर, आयएसओ, आणि शेवटच्या रकान्यात 'जमला' किंवा 'नाही'. जर्नलचा इतका प्रामाणिक वापर आमच्या डिपार्टमेंटमध्ये दुसऱ्या कुणी केला असेल असं वाटत नाही.

फोकस हातानं. हाच खरा मुद्दा आहे. जुन्या कॅमेऱ्यांत हातानं फोकस करायचा हे गृहीत धरूनच व्ह्यूफाइंडरची काच केलेली असायची. आजच्या स्वस्त डीएसएलआरमधली काच उजळ दिसावी म्हणून बनवलेली असते, एफ/२ ला फोकस नक्की कुठं पडलाय हे ती सांगतच नाही. डोळ्याला सगळं स्पष्ट दिसतं आणि रूमवर येऊन बघावं तर माणसाचा कान स्पष्ट, चेहरा पुसट. त्यामुळे लाइव्ह व्ह्यू चालू करायचा, दहा पट मोठं करायचं आणि रिंग फिरवायची. एक मीटरवरच्या माणसाचा एफ/२ ला फोटो काढला तर स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम दोन सेंटिमीटरचा असतो. मी हे गणितानं काढलं आणि नंतर पट्टी तिरकी ठेवून पडताळलंसुद्धा. नाकाच्या शेंड्यापासून डोळ्यापर्यंत यापेक्षा जास्त अंतर असतं! म्हणजे नाक किंवा डोळे, एकच काहीतरी निवडा. समोरचा माणूस श्वास घेताना पुढे-मागे झाला तरी संपलं.

इथं एक गंमत सांगतो. मी कॉन्व्हेंटचा. फोकल लेंथ, अॅपर्चर, कॉन्व्हेक्स हे शब्द तोंडात बसलेले. बाबा मराठी शाळेत शिकलेले. मी त्यांना फोनवर लेन्सचं कौतुक सांगत होतो तर ते म्हणाले, "म्हणजे बहिर्वक्र भिंगाचं नाभीय अंतर ५८ मिलिमीटर." मी चाट! फोकसला मराठीत नाभी म्हणतात हे मला विसाव्या वर्षी कळलं. शब्द फार आवडला. तेव्हापासून विंगमध्ये कुणाचा फोटो हलला की आम्ही "नाभी सरकली" म्हणतो. (विदर्भातल्या कुठल्याही आजीला विचारा, नाभी सरकणं म्हणजे काय ते. पोट चोळून जागेवर आणतात.)

काकांकडे मी नंतर पाच-सहा वेळा गेलो. त्यांनी लेन्सच्या नळीवरचे आकडे वाचायला शिकवलं. ते तिथं असतातच, पण वाचतो कोण? मधल्या खुणेच्या दोन्ही बाजूंना एफचे तेच तेच आकडे असतात. एफ/८ ठेवलं की दोन्हीकडच्या ८ च्या मध्ये जेवढे मीटर येतात तेवढा टापू स्पष्ट येणार, डोळा लावायची गरज नाही. लग्नात ते असंच करायचे. वरातीत कोण फोकस करत बसतो! "एका लग्नाले दोन रोल," ते सांगत होते. "छत्तीस नं छत्तीस बाहत्तर. त्याच्यातच नवरी, नवरदेव, व्याही, पंगत, सारं बसवा लागे. एक फोटू बिघडला की नवरीचा मामा भांडाले येऊन रायला." आणि उन्हासाठी सोपा नियम: कडक ऊन असेल तर एफ/१६ आणि शटर आयएसओच्या आकड्याएवढं. आयएसओ १०० तर शटर एक शतांश सेकंदाच्या जवळपास. आपल्या वर्धेच्या उन्हाला हा नियम असा लागू पडतो की मार्च ते जून मीटर बघायची गरजच राहत नाही.

उन्हावरून आठवलं. या लेन्सचे इथं दोन शत्रू आहेत. पावसाळ्यात बुरशी आणि उन्हाळ्यात ग्रीस. दमट कपाटात लेन्स बंद राहिली की काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरते, आणि ती वाढली तर काचेवरचा लेप खाते. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या वर गेला की फोकस रिंगमधलं जुनं ग्रीस पातळ होऊन अॅपर्चरच्या पात्यांवर उतरतं. माझ्या लेन्सच्या आठ पात्यांपैकी तीन तेलकट आहेत. सुदैवानं ४४-२ मध्ये अॅपर्चर बोटानंच उघडायचं-मिटायचं असतं, स्प्रिंगचं काम नाही, म्हणून फरक पडत नाही. हॉस्टेलमध्ये मी तिला जेवणाच्या डब्यात ठेवतो, बुटांच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या पुड्यांसोबत. पहिल्या दिवशी मी ती शर्टाच्या टोकानं पुसायला गेलो तर काकांनी माझा हात धरला. "भिंग हाय बावा थे. तुया मोबाइल नोय."

इंटरनेटवर हेलिओसचं नाव आहे ते मागची झाडं गरगर फिरल्यासारखी दिसतात म्हणून. ही लेन्स जर्मनीतल्या झाइसच्या बायोटार लेन्सवर बेतलेली, आणि तो गरगराट त्या रचनेतून आला. आमच्या ज्युनिअर मंडळींना त्याचंच वेड. गॅदरिंगच्या आधी चार जण रांगेत उभे होते, "भाऊ, एक फोटो, मागचं फिरलं पाहिजे." खरं सांगायचं तर माझ्या कॅमेऱ्यात ते फारसं फिरत नाही. सेन्सर जुन्या फिल्मपेक्षा लहान, तो फक्त मधला भाग घेतो, आणि गंमत तर कडांना असते. शिवाय ५८ ची लेन्स यात सुमारे ९३ सारखी वागते, म्हणजे ग्रुप फोटोसाठी गेटच्या बाहेर जाऊन उभं राहावं लागतं. आणि मला विचाराल तर फिरणारी झाडं दोन फोटोंपुरती बरी. तिसऱ्याला चक्कर येते.

तर सांगायचा मुद्दा असा की हातानं फोकस, फ्लॅश नाही, कमी उजेड, हे सगळं करताना मला वाटायचं आपण काहीतरी निराळं करतोय. मग सेवाग्रामला गेलो. वर्धेत शिकणाऱ्या प्रत्येकाला घरून पाहुणे आले की सेवाग्राम दाखवावंच लागतं, तसा मीही अनेकदा गेलेलो. गांधीजी १९३६ साली इथं आले तेव्हा हे शेगाव होतं, १९४० मध्ये सेवाग्राम झालं. पण या वेळी मी एक वेगळं नाव डोक्यात घेऊन गेलो होतो: कनू गांधी.

कनूभाई (१९१७ ते १९८६) हे गांधीजींच्या पुतण्याचे, नारणदास गांधींचे चिरंजीव. सेवाग्रामात बापूंचा पत्रव्यवहार आणि हिशेब सांभाळणाऱ्यांपैकी एक, विशीतला पोरगा. म्हणजे आपल्याच वयाचा! त्याला फोटो काढायची हौस. बापू म्हणाले, कॅमेऱ्याला पैसे नाहीत. मग घनश्यामदास बिर्लांनी शंभर रुपये दिले, त्यातून रोलायफ्लेक्स कॅमेरा आणि फिल्म आली. बापूंनी तीन अटी घातल्या. फ्लॅश वापरायचा नाही. पोझ द्यायला सांगायचं नाही. आश्रम या छंदासाठी पैसा देणार नाही. या तीन अटींवर त्यानं १९४८ पर्यंत, बापूंची शेवटची दहा वर्षं टिपली. खर्च भागवायला वर्तमानपत्रांना फोटो दिले. सेवाग्रामच्या कार्यालयात फोनवर बोलणारे बापू, १९४० साली सूक्ष्मदर्शकातून कुष्ठरोगाचे जंतू बघणारे बापू, हे आपण पुस्तकांत पाहिलेले फोटो त्याचेच. त्या काळी त्याचं नाव फार जणांना माहीत नव्हतं. २०१५ मध्ये 'कनूज गांधी' नावाचं पुस्तक निघालं, तेव्हा कुठं लोकांनी दखल घेतली.

बापूकुटीत मी कॅमेरा पिशवीतच ठेवला. नुसता बसून उजेड मोजला, काकांनी शिकवलेल्या अंदाजानं. मातीच्या भिंती, खाली उतरलेलं कौलारू छप्पर, लहान खिडक्या. बाहेर डोळे दिपवणारं ऊन आणि आत मऊ सावली. १०० आयएसओची फिल्म आणि एफ/३.५ धरलं तरी पाव सेकंदाच्या आसपास शटर उघडं ठेवावं लागेल. त्यात समोरचा माणूस सूत कातणार, लिहिणार, उठणार, आणि "जरा थांबा" म्हणायची सोय नाही. माझ्या कॅमेऱ्यात मी आयएसओ १६०० करून मोकळा होतो. त्याच्याकडे काय होतं? वाट बघणं. माणूस कुठल्या क्षणी क्षणभर स्तब्ध होतो हे माहीत असणं. रोलायफ्लेक्सचा एक फायदा मात्र होता. तो पोटाशी धरून वरून खाली बघायचा असतो, त्यामुळे फोटो काढणाऱ्याचा चेहरा झाकला जात नाही आणि समोरच्यावर बंदूक रोखल्यासारखं वाटत नाही.

तुलनेसाठी बघा. १९४६ साली पुण्यात मार्गारेट बुर्क-व्हाइट या अमेरिकन फोटोग्राफर बाईंनी चरख्यासोबतचा जगप्रसिद्ध फोटो काढला. त्यांना आधी सूत कातायला शिकावं लागलं आणि फ्लॅशचे मोजून तीन बल्ब मिळाले. म्हणजे बाहेरच्या माणसाला तीन बल्बांची सूट होती, घरच्या पोराला तेवढीही नाही!

आणि एक गोष्ट वाचली ती अजून डोक्यातून जात नाही. २२ फेब्रुवारी १९४४ ला आगाखान पॅलेसमध्ये कस्तुरबा गेल्या. शेवटच्या दिवसांत कनूभाई तिथं होते. कॅमेऱ्यात टिपावी अशी वेळ होती, पण बापूंनी फोटो काढायला मनाई केली. नाही काढला. त्या फोटोची जागा रिकामीच आहे.

आता आजी. सेलू तालुक्यात आमचं गाव. आजीनं यंदा संक्रांतीला मला बाजूला घेतलं आणि म्हणाली, "तुयाकडं थे मोठं मशीन हाय म्हनते. माया एक फोटू काढून ठेव."

"का गं?"

"काहून म्हंजे? हाराले लागन नं. मंग तुमची धावपळ होते. तुया आजोबाचा नाई का, कार्डावरचा फोटू मोठा करून लावला. भूत दिसते थे."

ते खरं आहे. आजोबा २०१९ मध्ये गेले तेव्हा घरात त्यांचा धड एक फोटो नव्हता. लग्नाच्या घोळक्यातले होते, अर्धे खांद्याआड. शेवटी ओळखपत्रावरचा इवलासा फोटो मोठा करून रातोरात फ्रेम केला. पिक्सेलचे चौकोन झालेला तो चेहरा हॉलमध्ये अजून आहे. आणि ज्यांनी आजोबांना पाहिलंच नाही त्या माझ्या लहान चुलत बहिणीला आजोबा म्हणजे तेच चौकोन वाटतात.

मी आजीला "असं बोलू नको" वगैरे म्हणून पाहिलं. तिनं माझ्याकडे दुर्लक्ष केलं आणि पेटीतून नवं लुगडं काढलं.

जागा निवडली ती ओसरीतली, दाराच्या उत्तरेकडून येणाऱ्या उजेडात. एफ/२.८, शटर १२५, आयएसओ ८००. माझ्या डोक्यात कनूभाई. फ्लॅश नाही, पोझ नाही. आजी वाती वळत बसेल, शेजारची काकू येऊन गप्पा मारेल, आणि मी हळूच काढेन, असा माझा बेत. आजीचा बेत वेगळा होता. ती खुर्चीवर बसली, पदर डोक्यावरून नीट घेतला, हात गुडघ्यांवर, आणि श्वास रोखून माझ्याकडे बघू लागली. जणू समोर एक्स-रे मशीन आहे.

"आजी, सैल बस ना. वाती वळ."

"फोटूत काय वाती वळतेत का?"

वाद कोण घालणार! आधी तिच्या मनासारखे काढले. दहा पट मोठं करून मी तिच्या डाव्या डोळ्यावर फोकस करत होतो. मागच्या वर्षी सेवाग्रामच्या दवाखान्यात त्या डोळ्याचा मोतीबिंदू काढून आत लेन्स बसवली. उजवा अजून व्हायचा आहे. स्क्रीनवर तो डोळा एवढा मोठा आला की बाहुलीत बारीकशी चमक दिसली, बाहेरच्या उजेडाची. उजवा डोळा दुधाळ. रिंग थोडी पुढे, थोडी मागे. वीस वर्षांत आजीच्या डोळ्याकडे मी इतका वेळ कधी बघितलं नव्हतं. तिला वाटलं मशीन बिघडलं. "निंगाला का फोटू?" असं ती ओठ न हलवता विचारत होती.

मग शेजारची काकू आली, आजी खाली उतरली, कापूस घेतला, बोलायला लागली आणि मला विसरली. तेव्हाचे तीसेक फोटो काढले. त्यातला एक माझ्या मते आजवरचा माझा सगळ्यात चांगला. मान किंचित झुकलेली, बोटांत अर्धी वळलेली वात, चेहऱ्याच्या एका बाजूला उजेड आणि ओठांवर कुठल्याशा चावट गोष्टीचं हसू. जर्नलमध्ये मी 'जमला' लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या.

आजीला कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर दोन्ही दाखवले. डोळ्यात बसवलेली लेन्स एकाच अंतरासाठी असते, तिला जवळचं-लांबचं करता येत नाही. ते काम आता आजीच्या हातांकडे आलंय. तिनं कॅमेरा जवळ धरला, मग लांब, मग आणखी लांब, आणि एका जागी थांबली. नेमकं तेच जे मी रिंग फिरवून करतो. खूप वेळ बघितलं. वातीवाल्या फोटोकडे बघून हसली. मग बटण दाबायला लावून खुर्चीवरच्या फोटोवर बोट ठेवलं.

"हा."

"अगं, तो पासपोर्टसारखा आहे. हा बघ ना, यात तू किती छान..."

"चांगला हाय थो. पन थ्याच्यात मी वातीकडं पाहून रायली." ती म्हणाली. "भितीवर लागल्यावर मी कोनाकडं पाहू? ह्याच्यात तुमच्याकडं पाहून रायली."

मला काही बोलता आलं नाही. बापूंची अट बापूंच्या फोटोंना ठीक होती. जगभरचे लोक त्यांच्याकडे बघणार होते. आजीला उलटं हवं होतं, तिला आमच्याकडे बघायचं होतं. तिच्या फोटोत मी कनूभाईंना मध्ये आणायचं काही कारण नव्हतं. तसा तो फोटोही वाईट नाही. पूर्ण मोठा करून बघितला तर डाव्या डोळ्याच्या पापण्या एकेक मोजता येतात.

वर्धेला येऊन दोन्हींचे प्रिंट काढले, बारा बाय अठरा. काकांना दाखवायला हिंगणघाटला नेले. त्यांनी चष्मा वर करून वातीवाला फोटो पाहिला, "हं" म्हणाले आणि बाजूला ठेवला. खुर्चीवाला उजेडात धरला. "डोया बरोबर पकडला," ते म्हणाले, "पन कान पाह्य, गेला. एफ/४ ठेवाचं होतं." आणि मग आपल्या भिंगाचं काम बघून झाल्यासारखा तो प्रिंट गुंडाळून माझ्या हातात दिला.

वातीवाला माझ्या रूमवर टेबलासमोर चिकटवलाय. येणारा-जाणारा विचारतो, कोणती लेन्स? खुर्चीवाला घेऊन मागच्या शनिवारी गावी गेलो. वाटलं होतं आजी तो लगेच पेटीत ठेवेल. तिनं तो दाराशी नेला, हात लांब करून बघितला, उजवा डोळा मिटून बघितला, मग डावा मिटून.

"होळी झाल्यावर दुसऱ्या डोयाचं आपरेशन हाय," ती म्हणाली. "दोनी डोयानं पाहीन, मंगच फरेम करा. तोवर काच लावू नका."